रमा परत आली

मिरज, २२ जानेवारी १९८९

चि. सौ. नीतास अक्काचे आशीर्वाद.

तू पत्र पाठवत नाहीस म्हणून मीही पाठवायचं नाही, असं ठरवलं होतं. पण जीभ आवरून बसणं माझ्या पत्रिकेत लिहिलेलं नाही, तेव्हा हरले बाई. तुझं लग्न लावून पनवेलला धाडली त्याला मेमध्ये दोन वर्षं होतील. मी नुसती मावसबहीण असले तरी तुझं माहेर म्हणजे मीच. महिन्याला एक तरी अंतर्देशीय टाकत जा.

आमच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला यंदा मी एक प्रश्न ठेवला होता. पुढचा जन्म मिळाला तर या जन्मातलं काय ठेवाल, काय बदलाल? अगं, बायका अशा काही सुटल्या! एक म्हणाली, नाक बदलीन. शेजारच्या काकू म्हणाल्या, नवरा ठेवीन पण त्याची आई बदलीन. आणि त्यांची सासू तिथंच तिळगूळ चघळत बसलेली! मी म्हटलं, माणसं हीच असू देत, फक्त पुढच्या खेपेला मी नवरा आणि हे बायको. यांच्या कानावर ते गेलं, तर दोन दिवस स्वतःच्या हाताने चहा करून घेतला. सराव म्हणे.

आता तू सांग. प्रभाकररावांना तर ठेवशीलच. बिजवर म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं, पण बघायला आले तेव्हा मी त्यांना नाही नाही ते प्रश्न विचारले, तरी आवाज म्हणून चढला नाही. तेव्हाच मी होकार दिला. पोटातल्याला जप. बाळंतपणाला इकडेच यायचं, त्यात चर्चा नको.

तुझी,
अक्का


पनवेल, ५ फेब्रुवारी १९८९

ती. अक्कास सा. न.

पत्र वाचून एकटीच हसत बसले होते. सासूबाई दोनदा डोकावून गेल्या, हिला काय झालं म्हणून.

यांना ठेवीनच गं. कारखान्यातून आले की चपला जागेवर, डबा मोरीत, मग ताट वाढेपर्यंत पेपर. भाजी खारट झाली तर ‘आज मीठ मोकळ्या हाताने पडलंय’ एवढंच म्हणतात, तेही हळू. परवा शेजारी नवरा-बायकोची जुंपली होती, तर हे उठून खिडकी लावून आले. भांडणाचा आवाज सोसत नाही त्यांना. आणखी काय ठेवीन? हाकेवरची बाजारपेठ. आणि सुकापूरहून भाजी घेऊन येणारी भामा. ती आली की माझा दिवस सुरू होतो.

बदलायची म्हणशील तर मागच्या अंगणातली विहीर. रमा तीत गेली ना. माझ्या आधीची. वटपौर्णिमेच्या दुपारी पाणी काढताना पाय घसरला. तेव्हापासून विहिरीवर फळ्या ठोकल्यात, घरात नळ आलाय, तरी कपडे वाळत घालताना मी लांबून जाते.

माझ्या गळ्यातली तिच्या नावाची चांदीची पुतळी तू पाहिली आहेस. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला असं गळ्यात सांभाळायचं. नवी साडी आधी तिला दाखवायची, मग आपण नेसायची. सासूबाई त्यात चूक होऊ देत नाहीत. ‘रमाला दाखवलीस का?’ म्हणतात, जशी काही ती माजघरातच बसलीय. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. आता सवय झाली.

तुझा प्रश्न मी त्यांना वाचून दाखवला. तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “एकदा गेल्यावर परत यायची कशाला उठाठेव? येणारं माणूस काय मनात धरून येईल, कुणी सांगावं?” आणि सूप उचलून आत गेल्या. अशाच आहेत त्या. वाईट नाहीत, पण त्यांच्या मनाचा ठाव लागत नाही.

डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलंय. बाळंतपण इथंच होईलसं दिसतं. चिडू नकोस हं.

तुझी,
नीता


पनवेल, २० जुलै १९८९

ती. अक्का,

मुलगी झाली हे तारेनं कळलंच असेल. गोरी, लांब बोटांची. यांनी ऋचा नाव काढलंय. पण खरी गोष्ट तारेत कशी मावणार?

ती नेमकी वटपौर्णिमेला झाली. म्हणजे रमाची तिथी. दवाखान्यात कुणी काही बोललं नाही. घरी आल्यावर मात्र पोरीनं जो सूर धरला तो थांबेचना. दूध तोंडात धरेना, गुटी घेईना, रडून रडून काळीनिळी पडायची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “ही नाव मागतेय.” तुला ही रीत ठाऊक असेल. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून मुलाच्या कानात सांगायची, ज्या नावाला ते गप्प होईल ते माणूस परत आलं समजायचं. सासऱ्यांचं नाव झालं, आजेसासूबाईंचं झालं, लहानपणी गेलेल्या दिराचं झालं. पोर आपली रडतेच आहे. मग सासूबाई कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. आणि तिच्या कानाला तोंड लावून म्हणाल्या, “रमा?”

पोर गप्प झाली, अक्का. डोळे उघडून त्यांच्याकडे बघत राहिली.

सासूबाईंनी तिची हनुवटी वर करून पाहिली. रमाच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका होता म्हणे. हिला बरोबर तिथंच तीळ आहे. हे माझ्यासाठी शेगडी घेऊन दारात उभे होते. त्यांनी शेगडी तिथंच खाली ठेवली आणि अंगणात निघून गेले. बिचारे! जुनी जखम अशी उकलल्यावर माणसानं करायचं काय?

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी माझ्या गळ्यातली पुतळी काढून घेतली. “ती स्वतः आलीय, आता हिचं काय काम?” म्हणाल्या. तेव्हापासून मुलगी सगळी त्यांच्याच ताब्यात. मला पाजायला तेवढी देतात. यांच्या तर हातात देतच नाहीत. हे हात पुढे करतात, आणि त्या ‘ओली आहे’, ‘झोपेला आलीय’ म्हणून घेऊन जातात. स्वतःच्या बापाच्या हातात मूल द्यायचं नाही, ही कुठली तऱ्हा?

मला भीती वाटते गं. कशाची ते नीट सांगता येत नाही.

नीता


मिरज, २८ जुलै १९८९

चि. सौ. नीता,

आधी पोरीची दृष्ट काढ आणि मग तुझी स्वतःची. ओली बाळंतीण तू, तुझ्या मनाचे खेळ चालायचेच. अगं, रडून दमली की गप्प होतात पोरं. त्या क्षणी सासूबाईंनी ‘दूधवाला’ म्हटलं असतं तर दूधवाला परत आला म्हणाली असतीस का?

म्हातारीचं मला उलट कौतुक वाटलं. गेलेल्या सुनेसाठी एवढा जीव तुटणारी सासू मी तरी पाहिली नाही. आमच्या मंडळातल्या बायका तर सून गेली तर आधी बांगड्या मोजतील. लाड करतेय तर करू दे. तुला तेवढीच झोप मिळेल. नाव मात्र ऋचाच ठेव, आणि प्रभाकररावांना जप. पुरुष माणसाला रडता येत नाही, ते मनातल्या मनात झुरतात.

अक्का


पनवेल, ४ फेब्रुवारी १९९०

ती. अक्कास सा. न.

तुझ्या सांगण्यावर इतके महिने काढले. पण आता अति झालंय.

परवा बाजारातून आले तर पाळणा रिकामा. सासूबाई शांतपणे शेंगा सोलत बसलेल्या. “भामाबरोबर सुकापूरला पाठवलीय, संध्याकाळी येईल,” म्हणाल्या. यांना त्या दिवशी सुट्टी होती, घरातच होते. म्हणजे बाप घरात असताना पोर भाजीवालीच्या झोपडीत! मी आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंवर ओरडले. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, “ओरड. पण सुट्टीच्या दिवशी ती तिकडेच जाईल.”

आणि ऋचाशी काय बोलतात ऐक. मी आड उभं राहून ऐकलंय. “रमा, बाई गं, जीभ सुटली की सगळं बोलशील तू. बोल. तुझा हक्क आहे. पण आत्ता या घरात नको बोलूस.” हे कुणी शहाणं माणूस सात महिन्यांच्या मुलीशी बोलेल का? रात्री तिला आपल्या अंथरुणात घेतात आणि स्वतः दाराकडच्या बाजूला निजतात. त्यांना वेड लागलंय, की माझ्या मुलीवर काही करायचं मनात आहे?

यांना किती सांगावं? त्यांची आईच ती. “वय झालंय तिचं, मनावर घेऊ नकोस,” म्हणतात. त्यांनाही मुलीचं किती आहे. रोज कामावरून आले की चपला काढायच्या आधी विचारतात, “काही बोलली का आज?” मी हसते. म्हणते, अहो, इतक्यात कशी बोलेल? तर म्हणतात, “नाही, आपलं विचारलं.” मग लांबून तिच्या हनुवटीकडे बघत बसतात. आईचं हे रमा-रमा मी अजून त्यांना सगळं सांगितलेलं नाही. त्या दिवशी नाव ऐकून कसे निघून गेले होते ते मला आठवतं. पुन्हा दुखवावंसं वाटत नाही.

तूच सांग, काय करू?

नीता


मिरज, ११ फेब्रुवारी १९९०

चि. सौ. नीता,

माझं चुकलं. म्हातारीला मी भाबडी समजले होते. ही तर पक्की डोक्यातून गेलीय.

तू नवऱ्याला दुखवायचं नाही म्हणून गप्प बसलीस, हाच मूर्खपणा. घरात एक तरी शहाणं माणूस आहे ना, मग त्याच्यापासून लपवायचं कशाला? तू सांगणार नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून आत्ताच मी प्रभाकररावांना सविस्तर पत्र लिहून मोकळी झाले. कारखान्याच्या पत्त्यावर पाठवलंय, म्हातारीच्या हाती पडू नये म्हणून. तुमच्या आई त्या लेकराला रमा समजतात, ‘जीभ सुटली की सगळं बोलशील’ असं तिच्या कानात घालतात, सगळं सगळं लिहिलंय. आता काय करायचं ते ते बघतील. तू निश्चिंत राहा.

अक्का


पनवेल, १९ फेब्रुवारी १९९०

सौ. कुमुदअक्का यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. कळवलंत हे फार बरं केलंत. आई मुलीशी असं काही बोलते हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं. लहान मूल म्हणजे ओली माती. जे कानावर पडेल तेच पुढे बोलेल, आणि लोकांना काय, तेवढंच पुरतं.

आपण नीताला यातलं काही बोलू नका. ती हळवी आहे. आईला काही दिवस आत्याकडे पेणला ठेवावं म्हणतो. मुलीकडे मी स्वतः लक्ष देईन.

घरात डागडुजीही काढली आहे. मागच्या विहिरीवरच्या फळ्या कुजल्या होत्या, त्या मी गेल्या रविवारी काढून टाकल्या. लोखंडी जाळी करायला सांगायची आहे. सवडीने होईल.

आपल्यासारखं वडीलधारं माणूस पाठीशी आहे, हा मोठा आधार वाटतो. सर्वांना नमस्कार.

आपला,
प्रभाकर


पनवेल, ५ जून १९९०

ती. अक्का,

मार्चपासून पत्र नाही म्हणून रागावली असशील. लिहायला बसले की काय लिहावं सुचत नव्हतं.

ऋचा धरून धरून चालते. ‘आई’ म्हणते, ‘चिऊ’ म्हणते. हे समोर बसून म्हणतात, “आणखी? आणखी काय येतं तुला?” ती हसते.

सासूबाईंना यांनी पेणला नेऊन सोडलं होतं, तर त्या मागच्याच गाडीनं परत आल्या. आल्या त्या थेट मागच्या दारात अंथरूण टाकून बसल्या. तेव्हापासून तिथंच. जेवण तिथं, झोप तिथं. विहीर अजून उघडीच आहे, जाळी काही येत नाही. ऋचा मागच्या बाजूला गेली की म्हातारी पाय आडवा टाकते. मी यांना म्हटलं, निदान त्या जुन्या फळ्या तरी परत टाका. म्हणाले, “टाकू की.” पण टाकल्या नाहीत.

शुक्रवारी वटपौर्णिमा. मुलीचा पहिला वाढदिवसही तिथीनं तोच. सासूबाई सकाळी मला म्हणाल्या, “यंदा वडाला जायचं नाही. सूत गुंडाळायचं नाही.” सख्ख्या मुलाच्या आयुष्यासाठी सून व्रत करतेय, आणि आईच नको म्हणते! मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “सात जन्म मागू नकोस. मागितलेलं मिळतं.”

मी भामापाशी रडले. तर ती टोपली खाली ठेवून म्हणाली, “वयनी, रमावयनीनी पन सूत गुंडाललाच नाय. तवा मी वडाखाली फनसाचं गरं इकत होते. तिनी सुताचा गुंडा माज्या पाटीत टाकला न बोलली, सात जल्म कशाला, यो एकच पुरा झाला. बाया हसल्या. तुमचं मालक थंच उभं होतं. ते पन हसले. मंग तिचा हात धरून घरी घेऊन गेले.” त्याच दुपारी ती विहिरीत गेली, अक्का.

चारचौघांत बायकोनं असं बोलावं! केवढं लागलं असेल यांना. पण एक गोष्ट मनातून जात नाही. त्या दिवशी मी कारखान्यात होतो, असं यांनी मला लग्नानंतर सांगितलं होतं. मला काही तेव्हा विचारायचं कारण नव्हतं, त्यांनी आपणहूनच सांगितलं होतं. भामाची चूक होत असेल. पुष्कळ वर्षं झाली. नाही का?

मी यांना विचारून बघेन म्हणते. सरळ विचारलं की सरळ उत्तर देतात ते.

नीता


मिरज, ११ जून १९९०

श्री. प्रभाकरराव यांस अनेक आशीर्वाद.

नीता आणि ऋचा शनिवारी सकाळी सुखरूप पोचल्या. तुम्ही काळजीत असाल म्हणून लगेच लिहिते. तुमच्या आईनी कमाल केली. ऐन वटपौर्णिमेला, तुम्ही कामावर असताना, पोरीला नीताच्या कडेवर दिलं, कपड्यांची पिशवी हातात कोंबली आणि भामाला सांगून दोघींना एस.टी. स्टँडवर पोचवलं. “मी जिवंत आहे तोवर या घरात यायचं नाही,” म्हणाल्या म्हणे. सुनेला असं वाऱ्यावर सोडणारी बाई मी जन्मात पाहिली नाही! तुम्हाला दोन शब्द विचारायचे होते, तेवढंही बोलू दिलं नाही, म्हणून नीता सारखी रडतेय.

तुम्ही रजा काढून या आणि सन्मानानं घेऊन जा. ऋचाला आता तीन-चार शब्द येतात. तुम्हाला बघून पाचवा शिकेल. वाट बघते.

कुमुदअक्का


पनवेल, गुरुवार, १४ जून १९९०

चि. सौ. नीतास आशीर्वाद.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर लागेल तसं वाच. तुझ्या अक्काचं पत्र आलं. प्रभाकरनं वाचून मला दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं तो निघतोय, सोमवारी तुमच्याकडे पोचेल. पत्र त्याच्याआधी मिळावं म्हणून भामाला आत्ताच पोस्टात पाठवते.

तुला मी घालवली नाही गं. वाचवली. तू त्याला विचारणार होतीस ना? भामा मला म्हणाली. रमानंही त्या दिवशी त्याला तोंडावर विचारलं होतं, सात जन्म कुठल्या तोंडानं मागू, तुम्हीच सांगा.

तुला आधी सांगायला हवं होतं. पण तू त्याला सगळं सांगतेस. तो तुला गोड वाटतो. मलाही वाटायचा. तो चिडला तरी आवाज चढत नाही. त्या दुपारीही चढला नव्हता. तिला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेला. मी आत होते. थोड्या वेळानं ती दाराशी आली. दोन्ही हातांनी दार वाजवत होती. आई, दार उघडा, आई, दार उघडा. माझा हात कडीवर होता, नीता. मी उघडली नाही. नवरा-बायकोचं आहे, मध्ये पडू नये, असं मनाशी म्हणत उभी राहिले. खरं म्हणजे मी पोटच्या पोराला भ्याले होते. मग वाजायचं थांबलं. मग त्यानं बाहेरून हळूच म्हटलं, आई, आता उघड.

पोलीस आले, सोयरे आले, मी पाय घसरला म्हणाले. पोटचा गोळा, फासावर कसा द्यायचा?

तुझ्या पोरीनं त्या नावाला रडणं थांबवलं तेव्हा मला वाटलं, ही जाब विचारायला आली. पण त्याची नजर पाहिली आणि कळलं, त्यालाही तेच वाटलंय. तो तिच्या बोलण्याची वाट बघत होता. तुझ्या अक्कानं कारखान्यावर धाडलेलं पत्र त्याला मिळालं, त्याच आठवड्यातल्या रविवारी त्यानं फळ्या काढल्या. चार महिने मी मागच्या दारात बसून काढले. आता माझ्याच्यानं रात्रभर जागवत नाही, म्हणून तुम्हाला पाठवलं.

तू मागे तो प्रश्न वाचून दाखवला होतास. पुढचा जन्म मला नको. पुढच्या जन्मी काय सुधारणार मी? जे काही करायचं ते इथंच करायला पाहिजे. रमा परत आली असेल किंवा नसेल, मला ठाऊक नाही. पण लेकरू आहे ना. यावेळी मी गप्प बसणार नाही.

तो सोमवारी येईल. गोड बोलेल. खाऊ आणेल. तुम्ही दार उघडू नका.

तुझी सासू


मिरज, सोमवार, १८ जून १९९०, संध्याकाळ

ती. आईंस,

इतकी वर्षं तुम्हाला सासूबाई म्हणत आले. आज आई लिहिते.

तुमचं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. मी तीनदा वाचलं, तरी मन मानेना. वाटत होतं, ते येतील, हसतील, आणि सगळं खोटं ठरेल. अक्कानं पुढचं-मागचं दार लावून घेतलं.

ते आज सकाळी आले. दार वाजवलं, हळू. “नीता, मी आलोय. दार उघड.” मी आत उभी होते, ऋचा कडेवर. आई, माझा हात आपोआप कडीकडे गेला. त्या आवाजाला मी रोज दार उघडलंय. मग ते म्हणाले, “ऋचा जागी आहे का? काय म्हणते ती? काही बोलली का?” आणि मी हात मागे घेतला.

पुष्कळ वेळ तसेच हाका मारत होते. एकदाही आवाज चढला नाही. मी उघडलं नसतं आई, कितीही वेळ थांबले असते तरी उघडलं नसतं. पण अक्काला राहवलं नाही. तुम्हाला तिचा स्वभाव ठाऊक नाही. खिडकीतून ओरडली, “चालते व्हा! तुमच्या आईनी सगळं लिहून कळवलंय! रमाचं सगळं!”

ते थांबले. मग म्हणाले, “असं का. आईनं कळवलं.” एवढंच. खाऊचा पुडा पायरीवर ठेवला, चपला घातल्या आणि स्टँडकडे निघून गेले. अक्का तेव्हापासून भिंतीला टेकून बसलीय. “माझी जीभ झडो,” म्हणते आहे. भाऊजी चौकीवर जाऊन तुमचं पत्र दाखवून आले. त्यांनी लिहून घेतलं, पनवेलला कळवतो म्हणाले. कोपऱ्यावरच्या दुकानातून तुमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर ट्रंक कॉल लावून बघितला, तिकडे कुणी उचलत नाही.

आई, घरात थांबू नका. मागच्या दारात तर बसूच नका, आता तिथं राखायला कुणी नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी सुकापूरला भामाकडे जा. तिथून मिळेल त्या गाडीनं इकडे या. ऋचा तुम्हाला शोधते. दाराकडे बोट दाखवून ‘आजी’ म्हणायला शिकलीय. तिचा पाचवा शब्द.

हेच सगळं थोडक्यात तारेनंही कळवलंय. पण तारमास्तर म्हणाले, पनवेलला तार सकाळी वाटायला निघते. इथून तिकडची गाडी रात्रीचीच असते, ती पहाटे पोचते. भामा उजाडता उजाडता तुमच्याकडे भाजी घेऊन येते ना? उद्या तरी ती लवकर निघो.

हे पत्र तुमच्याच हातात पडलं, तर एक ओळ लिहा. नुसतं ‘आहे’ एवढं लिहा.

तुमची,
नीता